आत लावायचे ठोकळे

१

प्लॅस्टिकचे एकमेकांत बसणारे ठोकळे धुवायला रविवारची सकाळ बरी. घरातली सगळी वडीलधारी मंडळी नऊला पांढरेशुभ्र कपडे घालून चर्चला जातात, आपण किती चांगले आहोत ते देवाला सविस्तर सांगतात आणि दीडला परत येतात. तेवढा वेळ अंगणातला नळ माझा.

दोन बादल्या, साबणाचा चुरा, कांद्याची जाळीची पिशवी. पाणी कोमटच हवं. कढत पाण्यात ठोकळा वाकतो, आणि वाकलेला ठोकळा परत कधी नीट बसत नाही. वाळवायचे सावलीत, जुन्या मच्छरदाणीवर, कारण उन्हात पांढरे पिवळे पडतात. मग निवडायचे. नवशिके रंगावरून निवडतात. आम्ही आकारावरून निवडतो, कारण लाल ढिगात लाल पट्टी डोळ्याला सापडत नाही, पट्ट्यांच्या ढिगात मात्र लगेच दिसते.

हा माल बंदरावर गाठोड्यांतून येतो. युरोपातली पोरं मोठी होतात, त्यांच्या आया माळे साफ करतात आणि जुन्या कपड्यांबरोबर खेळण्यांचं एखादं पोतं इकडे येऊन पडतं. आमच्या अक्रात अशा मालाला मेलेल्या गोऱ्याचा माल म्हणतात. बाजारातली बाई तो मक्यासारखा मापाच्या डब्याने विकते. एका डब्यात तीनेकशे ठोकळे, बाहुल्यांचे दोन-चार हात आणि नशीब असेल तर जिवंत झुरळ.

शेवटची निवड दातांची. पोर कुठल्याही देशातलं असो, दोन पातळ पट्ट्या एकमेकींत घट्ट बसल्या की नखाने निघत नाहीत, मग ते दात लावतं. प्लॅस्टिकवर खळगा पडतो तो कायमचा. असे ठोकळे टाकून देत नाहीत, आत लावतात. भिंतीच्या पोटात, जिथे कुणाची नजर जाणार नाही. चांगला चेहरा बाहेर, चावलेला आत. माणसांच्या घरांतही हेच चालतं, फक्त तिथे कुणी कबूल करत नाही.

माझ्याकडे चावलेल्या ठोकळ्यांचा एक वेगळा डबा होता. ते गोऱ्या पोरांनी चावलेले नव्हते. माझ्या आजोबांनी चावलेले होते.

२

आजोबांना सगळे नुमो म्हणायचे. म्हणजे म्हातारेबुवा, पण मानाने. नुमो अब्लोर, टेमा बंदरावर हमालांचे मुकादम. माझं पहिलं पोतं त्यांनीच आणलं, मी सहा वर्षांचा असताना. चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत सगळे दात स्वतःचे. रोज सकाळी तासभर दातवण चावायचे, खेकड्याची नांगी तोंडाने फोडायचे, बाटलीचं झाकण दाताने उडवायचे. माझी पट्टी अडकली की मी त्यांच्याकडे न्यायचो. ते कडकन उघडून द्यायचे. त्यांची खूण मी डोळे मिटूनही ओळखतो. दोन खोल खळगे आणि शेजारी एक तिरका, कारण वरचा एक दात शेजारच्यावर चढला होता.

ऑक्टोबरात ते गेले. आणि गेल्यावर सुरू झाला आमच्या वडीलधाऱ्यांचा उत्साह. माणूस चार वर्षं अंथरुणावर होता तेव्हा ज्यांना लाबादीतल्या आमच्या घराचा रस्ता सापडत नव्हता, ते आता दर बुधवारी बैठकीला येऊ लागले. घराला रंग, पडवीला फरशी, फाटकाला सोनेरी भाले. तोवर म्हातारा शवागाराच्या फ्रीजमध्ये. मग मे महिना आला आणि आवाजबंदी लागली. आमच्या गा लोकांच्या सणाआधी तीस दिवस ढोल नाही, लाऊडस्पीकर नाही, प्रेतयात्रा नाही. म्हणजे मुक्काम आणखी वाढला. अंत्यविधी ठरला बंदी उठल्यावरच्या पहिल्या शनिवारी.

बैठकीचे पुढारी अंकल सोवा. नुमोंचे थोरले चिरंजीव, वय अडुसष्ट, आवाज भोंग्यासारखा.

"काय इंजिनियरसाहेब!" मला पाहिलं की ते सुरू व्हायचे. "दोन वर्षं कॉलेजात घालवून प्लॅस्टिक जोडायला शिकलात. आता निदान घराण्याच्या उपयोगी पडा."

त्यांना घराची प्रतिकृती हवी होती. शनिवारी नुमोंना सजवून पलंगावर ठेवतील, त्याच्या शेजारच्या टेबलावर हे ठोकळ्यांचं घर. पाहुण्यांनी बघावं, माणसाने काय उभं केलं.

"मागची खोली पण ना?" मी विचारलं.

"कुठली?"

"आवोची."

आवो म्हणजे माझी आई. माझा बाप नुमोंचा धाकटा मुलगा. तो गेला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तेव्हापासून आवो नळामागच्या त्या खोलीत राहते.

"ती खोली घरात येत नाही," अंकल म्हणाले. "ती नंतरची शेड आहे."

"त्या शेडमध्येच तुमचे वडील चार वर्षं पडून होते."

"मग? दवाखान्यात पडून असते तर दवाखाना आपला झाला असता?"

सगळी बैठक हसली. मी हसलो नाही, कारण मला यातली मेख माहीत होती. आमच्या घराण्यात अंत्यविधीच्या दिवशी जे सगळ्यांसमोर मांडलं, ज्यावर दारूचा घोट शिंपडला, ते पक्कं. नंतर कुणी तोंड उघडायचं नाही. त्या टेबलावरच्या घरात मागची खोली नसेल, तर ती खोली आवोची नाही. आणि अंकल सोवांची स्वतःची खोली पत्र्याखाली तापते, त्यांचे गुडघे दुखतात, आणि नळामागची खोली कडुलिंबाच्या सावलीत आहे.

मी ठरवलं, खोली बांधायचीच. आणि अशी बांधायची की शनिवारी पाहुणे आधी तिच्याकडेच बघतील.

३

प्रतिकृती मी आवोच्या खोलीतच बांधत होतो, खिडकीखालच्या पेटीवर. झोपायचो पडवीत. मागची खोली सगळ्यात शेवटी घेतली. पांढऱ्या भिंती, निळं दार, काचेच्या पट्ट्यांची खिडकी. आतल्या भरणीला साधे ठोकळे कमी पडले, तेव्हा मी तो वेगळा डबा उघडला.

खरं सांगायचं तर कमी पडले नसते तरी उघडला असता. भिंतीच्या पोटात काहीतरी लपवून ठेवायचं, जे आपल्याशिवाय कुणाला माहीत नसेल, ही आम्हा ठोकळेवाल्यांची खोड आहे. मी म्हटलं, म्हातारा त्या खोलीत गेला, त्याचे दात त्या भिंतीत असू देत. मला ते हुशारीचं वाटलं होतं.

पुढच्या रविवारी मी भांडी घासायच्या जुन्या ब्रशने भिंतींवरची धूळ झाडत होतो. दाराशेजारच्या पांढऱ्या ठोकळ्यावर बोट अडकलं.

दोन खळगे आणि एक तिरका.

माझी चूक, असं मी म्हटलं. निवडताना एखादा ठोकळा चुकून बाहेरच्या ढिगात गेला असेल. काढला, दुसरा लावला. पण मी निवडताना चुकत नाही. कॉलेजात सगळ्या विषयांत चुकलो, यात नाही.

मंगळवारी तिथेच, पण एक थर वर, आणखी एक निघाला. त्याच्या शेजारी आणखी एक.

घरात कुणीही नसताना मी तो ठोकळा खिडकीपाशी नेऊन बघत बसलो. बाहेर आवाजबंदी. रस्त्यावर गाड्या होत्या, पण गाणं नाही, ढोल नाही, शेजारच्या बारचा स्पीकर नाही. अशा शांततेत माणसाला स्वतःचं गिळणं ऐकू येतं.

४

"उष्णता," अमर्ले म्हणाली.

अमर्ले माझी मैत्रीण. तिचं स्टेशनमागे जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांचं दुरुस्तीचं दुकान आहे. मेलेल्या गोऱ्याच्या मालातलीच यंत्रं. ती उघडते, साफ करते, आणि आत एखाद्या अनोळखी पोराने पंचवीस वर्षांपूर्वी अर्धवट ठेवलेला खेळ सापडला की तो पुसण्याआधी एकदा शेवटपर्यंत खेळते. म्हणते, कुणाचं काम अर्धं सोडू नये.

"प्लॅस्टिकला जुना दाब लक्षात राहतो," ती झाळकाम करता करता म्हणाली. "कुणीतरी चावलं असेल, मग ते घासून सपाट झालं असेल. तुमच्या पत्र्याखाली गरम झालं की फुगतं आणि खूण परत दिसते."

"खोलीला पत्रा नाही. स्लॅब आहे."

"मग उंदीर."

"उंदराचे दात असे असतात?"

"मला काय विचारतोस, मी त्याचं लग्न लावलंय का?" तिने चष्मा वर केला. माझं तोंड बघून तिचा स्वर बदलला. "हे बघ, बोर्तेई. मोजून बघायचं. माझ्या भावाने हॅम्बुर्गहून नवं पाकीट पाठवलंय. सील आहे. कुणाच्या बापाने चावलेलं नाही. हे आठ ने, खुणा करून लाव, आणि रोज तपास."

मी आठ नवे ठोकळे नेले. कात्रीने पाकीट फोडलं, प्रतिकृतीच्या निळ्या दाराच्या चौकटीत लावले, प्रत्येकाच्या तळाला पेनाने आकडा घातला. आणि आजोबांचे सगळे जुने ठोकळे भरणीतून काढले, डब्यात घालून डब्याला दोरी बांधली आणि तो डबा अमर्लेच्या दुकानात ठेवून आलो.

शुक्रवारी दुपारी तपासलं. तीन, पाच आणि सहावर खुणा.

सहा नंबर ओला होता.

५

मी घरातल्या माणसांचे दात तपासले. हसू नका, दुसरं काही सुचत नव्हतं.

अंकल सोवा पडवीत केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेला मासा खात बसले होते. मी दोन पट्ट्या घट्ट बसवून त्यांच्यापुढे धरल्या. "अंकल, जरा दाताने उघडून देता?"

"हे पोरगं खुळावलं," ते माशाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "माझे दात दुकानातले आहेत. पाण्यात ठेवतो मी ते. तुझ्या खेळण्यासाठी मोडून घेऊ?"

"नुमोंचे स्वतःचे होते."

"नुमोंचं सगळंच स्वतःचं होतं. म्हणून तर घर बांधता आलं. तुझं काय आहे स्वतःचं?"

उत्तर होतं, पण ते दिलं असतं तर ताट उडालं असतं.

आवोचे पुढचे दोन दात कधीच पडलेत, ती चावूच शकत नाही. मी स्वतः एक पट्टी चावून बघितली. माझी खूण सरळ येते, एका ओळीत. हेही करून बघायला लागलं, कारण माणूस झोपेत काय करतो ते त्याला कुठे माहीत असतं.

त्यानंतर आवाज आला. रविवार, अकरा वाजलेले, घर चर्चला, आवोसुद्धा. मी नळावर ठोकळे धूत होतो. मागे खोलीतून: टक.

पट्टी लावतानाचा आवाज दबका असतो. काढतानाचा कोरडा. हा काढतानाचा होता.

टक.

पाणी बंद केलं. हात पुसायचंही सुचलं नाही. दार उघडं होतं, जाळीचं दार फक्त ओढलेलं. आत अंथरूण, पेटी, खुर्ची, खिडकी. प्रतिकृती जागच्या जागी. तिचं निळं दार उघडलेलं. ते दार मी बंद ठेवतो, नेहमी, कारण बिजागरी सैल आहे.

वारा असेल. बिजागरी सैल आहे हे मीच आत्ता सांगितलं. पण खिडकीतल्या पट्ट्या मिटलेल्या होत्या आणि पडदा हलत नव्हता. खोलीत नव्या रंगाचा वास यायचा तो येत नव्हता. चघळलेल्या दातवणाचा येत होता.

६

"आवो, म्हातारा शेवटी काय खायचा?"

ती उंबऱ्यात बसून माशाचे खवले काढत होती. सुरी थांबली नाही. "कुठल्या शेवटी?"

"मी होस्टेलवर होतो तेव्हा."

खवले उडत राहिले. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारी एक जुना व्रण आहे. तो मी पूर्वी पाहिलेला होता, सुरीचा समजून. आता नीट पाहिला.

"सोवा म्हणाले, आता भरवू नको," ती म्हणाली. "घास अडकतो, ठसका लागतो, त्रास होतो. त्यांना सुटू दे. बैठकीने ठरवलं."

"बैठकीने?"

"सगळे आले होते त्या दिवशी. पहिल्यांदाच. खुर्च्या कमी पडल्या."

"आणि तू?"

"मी या घरात कोण, बाळा? मी फक्त पाण्याचा बोळा ओठांवर फिरवायचे."

"किती दिवस?"

"नऊ." तिने मासा उलटा केला. "रोज दुपारी दोनला विचारायचे. 'आज काय आहे?' माझ्याकडे बघून नाही, छताकडे बघून. मी म्हणायचे, थांबा, देते. रोज म्हणायचे, थांबा, देते. सहाव्या दिवशी बोळा धरला होता तर हातच धरला दातांनी."

"आणि तू मला फोनवर सांगितलंस, ते झोपेत शांत गेले."

"झोपेत कुणी गेलेलं मी अजून बघितलं नाही," आवो म्हणाली.

माझ्या डोक्यात जाळ झाला. हॉलमध्ये जाऊन खुर्च्या फेकाव्यात, सोनेरी भाले उपटावेत. नऊ दिवस उपाशी ठेवलेल्या माणसासाठी आता तीन बोकडांची यादी चालली होती. पण जाळाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, थंड, आणि ते मला जागचं हलू देत नव्हतं. मी इतके दिवस खुणा मोजत होतो. त्या कुठून कुठे सरकत होत्या ते बघितलंच नव्हतं. आतल्या भिंतीतून बाहेरच्या भिंतीवर. बाहेरच्या भिंतीवरून चौकटीवर. आणि दार उघडलं होतं.

७

बुधवारी हॉलमध्ये बैठक बसली होती. विषय, शनिवारच्या कपड्यांना काळ्यावर लाल पट्टा की लालवर काळा. भिंतीतून सोवांचा भोंगा ऐकू येत होता. वीज गेलेली. मी कोपऱ्यावरून केंके घेऊन आलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

आवो खोलीत आडवी झाली होती. सकाळपासून ती पाहुण्यांची भांडी घासत होती. पंखा बंद, उजेडाचे पट्टे जमिनीवर. मी जाळीच्या दाराबाहेर चपला काढत होतो. तिचा उजवा हात अंथरुणाबाहेर आला होता, तळवा वर, मनगट उघडं.

मी आधी समजलो, सावली हलली.

मनगटावरची कातडी खाली दबली. हळू. जसं ओल्या मातीत कुणी बोट टेकवतं आणि मग जोर देतं. एक खळगा. त्याच्या शेजारी दुसरा. मग, थोडा उशिरा, जरा बाजूला, तिसरा, तिरका. हाताच्या वर काही नव्हतं. मी ते पुन्हा लिहितो, कारण मी ते स्वतःला शंभर वेळा विचारलंय. हाताच्या वर काही नव्हतं. उजेडाचा पट्टा सरळ आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. फक्त मनगटाच्या वर वीतभर जागेत धूळ नव्हती.

खळगे खोल होत गेले. कडेची कातडी पांढरी झाली.

आवो जागी झाली नाही. झोपेतच, मला भरवताना जो आवाज असायचा त्या आवाजात, ती म्हणाली, "थांबा. देते."

मी दार उघडलं की लाथ मारली, आठवत नाही. केंके उंबऱ्यात सांडले होते. मी तिला काखेत धरून बाहेर ओढलं, कडुलिंबाखाली. ती डोळे चोळत बघत राहिली. बैठकीतला आवाज क्षणभर थांबला.

"काय रे गोंधळ?" आतून सोवा.

"विंचू," मी ओरडलो.

"मार मग. इंजिनियर ना तू?"

सगळे हसले. लालवर काळा ठरला.

आवोने मनगटाकडे बघितलं. खुणा गुलाबी होत होत्या. तिला मी काही सांगायची गरज नव्हती, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. तिने पदरासारखं कापड मनगटावर ओढून घेतलं.

"किती दिवस चाललंय?" मी विचारलं.

"इतकं जोरात पहिल्यांदाच," ती म्हणाली.

८

ती खोली सोडायला तयार नव्हती. मी गेले की इथे कोण, असं तिचं म्हणणं. तेव्हा मी खोटं बोललो. म्हटलं, बैठकीचा निरोप आहे, शनिवारच्या आत खोली रिकामी हवी. त्या नालायकांनी ठरवलेलं कधी नव्हे ते माझ्या कामाला आलं. ठरवलेलंच होतं, फक्त निरोप माझा. आवोने मान खाली घातली आणि गाठोडं बांधलं. आयुष्यभर हेच करून ती तरबेज झाली होती.

मग मी पेटीपाशी बसलो आणि मागची खोली उतरवली. निळं दार, खिडकी, चौकट, एकेक थर. हाताने, नखं तुटेपर्यंत. ज्या खोलीसाठी महिनाभर भांडलो, ती जमिनीपर्यंत काढून टाकली आणि तिथे सपाट हिरवी पट्टी लावली. अंगण.

शनिवारी सगळं अंकल सोवांच्या मनासारखं झालं. ढोल वाजले. म्हातारा पलंगावर सोनेरी कपड्यात. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. टेबलावर घर. सोवांनी दारूचा घोट शिंपडला, सगळ्या घराण्यासमोर म्हणाले, "हे आमच्या बापाने उभं केलं, एवढंच आणि असंच," आणि लोकांनी हुंकार भरला. नंतर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"आलास ना ताळ्यावर. उशिरा का होईना."

"तुम्ही राहायला जाणार त्या खोलीत?"

"सोमवारी. गुडघे बघ माझे. ढेकूण-बिकूण नाहीत ना?"

मी त्यांच्याकडे बघितलं. दुकानातले दात, नवं उपरणं, कपाळावर घाम. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी ऐकलं नसतं, हसले असते, तो भाग वेगळा. सांगायचं माझ्या हातात होतं.

"नाहीत," मी म्हणालो. "थंड आहे. दुपारी झोप छान लागते."

आता आम्ही अमर्लेच्या दुकानामागच्या खोलीत राहतो. आवोचं मनगट बरं झालं. मला वाटलं, संपलं. तरी मी रोज दुपारी दोनच्या सुमाराला कामातून उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. अमर्ले म्हणते, तुला बसलं की खिळे टोचतात का? तो चावलेल्यांचा डबा अजून तिच्या फळीवर आहे, दोरी बांधलेला. तो उघडायचं नाव ती काढत नाही, मीही नाही.

काल अंकल सोवा दुकानात आले. रेडिओ दुरुस्तीला. स्टुलावर बसले आणि उगाच आवाज खाली आणून म्हणाले, "तुझी आई सुधारली हं. मला वाटलं होतं राग धरेल. रोज दुपारी येते."

"कुठे येते?"

"खोलीवर. मक्याची लापशी घेऊन, शेंगदाणे घातलेली. काही बोलत नाही. पलंगापाशी वाटी ठेवते."

आवो मला सांगायची, मासळी बाजारात जाते.

"आणि तुम्ही ती खाता?"

"मग काय टाकू? बोटाने निपटून खातो," अंकल म्हणाले आणि हसले. हसताना मनगट खाजवलं. मग दुसरंही. "फक्त डास फार झालेत तिकडे."

आज दुपारी आवो चुलीवरून भांडं उतरवत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"आवो, ती लापशी सोवा खातात. सगळी. त्यांना वाटतं, त्यांच्यासाठीच आहे."

तिने वाटीत लापशी ओतली. वर शेंगदाण्याचं कूट घातलं, चमच्याने काठ पुसला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "नुमोंच्या देखत सोवांनी शेवटचा घास गिळेपर्यंत मी तिथंच उभी असते."

मग वाटी फडक्यात बांधून ती निघाली. पावणेदोन झाले होते. मी तिला थांबवलं नाही.